आमच्या माळाला पडीक म्हणू नका

प्रति,
मा. वनमंत्री आणि प्रधान सचिव (वने),
महसूल व वन विभाग, मंत्रालय, मुंबई

विषय : गवताळ माळरानांची नोंद, त्यांवरची वृक्षलागवड आणि मेंढपाळांची चराई

महोदय,

मी दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावात शाळामास्तर आहे. घरची मेंढरं होती. वडिलांनी मला शाळेत घातलं आणि मी तिथेच राहिलो, पण थोरल्या चुलत्यांचा वाडा अजून चालतो. वाडा म्हणजे दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, कोंबड्या आणि पोरंबाळं घेऊन बाहेर पडणारी पाच-सात बिऱ्हाडं. मृगाच्या आधी ती परत येतात आणि पावसाळाभर गावच्या माळावर असतात. चुलत्यांना आम्ही आबा म्हणतो. वय पंच्याहत्तरीच्या पुढे गेलंय, पण पायाखालचं गवत कोणतं ते आजही न वाकता सांगतात.

दोन वर्षांपूर्वी वाडा परत आला तेव्हा आमच्या माळावर चर खणलेले होते. सलग समतल चर, उतारावर एकाखाली एक, दोन-तीन हातांच्या अंतराने. चरांच्या बांधावर गिरिपुष्पाची आणि कसल्या कसल्या झाडांची रोपं, आणि रस्त्याकडेला लागवडीचा फलक. आबा एका चराच्या काठावर उकिडवे बसले. बाहेर टाकलेल्या ढिगाऱ्यातलं एक ढेकूळ उचलून त्यांनी चुरगाळलं. त्यात माती नव्हतीच, सगळा पिवळा मुरूम. आमच्या माळावर माती वीतभर. त्या वीतभर मातीत गवताचं ठोंब बसायला कित्येक पावसाळे जातात. चर खणताना ती माती खाली गेली आणि खालचा मुरूम वर आला. आबा म्हणाले, "हितं आता माझ्या हयातीत मारवेल उगवत नाही." आवाज चढवून नाही म्हणाले. एखाद्याच्या घरी भेटायला गेल्यावर माणूस बोलतो तसे बोलले.

ही लागवड कोणी केली, कोणत्या निधीतून केली, याची चौकशी मागायला हे पत्र नाही. अशा लागवडी राज्यभर झाल्या आहेत आणि त्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांचा हेतू चांगलाच होता. चूक त्याच्या बरीच आधी होते. माळाकडे बघून "इथे काही नाही" असं कागदावर लिहिलं जातं, तिथे ती होते. त्या कागदाबद्दल मला बोलायचं आहे.

भारतीय वन अधिनियम १९२७ चा. त्याच्या व्याख्येत गवत हे वनोपज आहे. राखीव वनात गुरं चारणं गुन्हा आहे, आणि गुरांच्या व्याख्येत हत्ती, उंट, म्हशी, घोडे यांच्याबरोबर मेंढ्या, कोकरं, बकऱ्या, करडंही आहेत. म्हणजे आमचं दोन महिन्यांचं कोकरू राखीव हद्दीत शिरून चार काड्या खातं तेव्हा ते वनोपजाचं नुकसान करतं. दुसरीकडे देशाचं वनक्षेत्र मोजताना भारतीय वन सर्वेक्षण संस्था एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या तुकड्यावर झाडांच्या पर्णाच्छादनाची घनता १० टक्के तरी आहे का, एवढं बघते. झाड कोणत्या जातीचं, जमीन कोणाची, याला महत्त्व नाही. त्यामुळे आंब्याची बाग वनाच्छादनात धरली जाते आणि पवन्या-मारवेलीने गच्च भरलेला माळ धरला जात नाही. केंद्राच्या भूसंसाधन विभागाने २००० पासून पडीक जमिनींचे नकाशासंग्रह काढले, त्यांत खुरटी झुडपं असलेली जमीन आणि खालावलेली कुरणं पडीक या सदरात आहेत. एकाच गवताला दंडाच्या पावतीवर किंमत आहे आणि नकाशावर काहीच नाही. महोदय, माझं सगळं गाऱ्हाणं या एका विसंगतीत आहे. पुढे जे लिहितो आहे ते तिच्यातूनच निघालेलं.

गवताची किंमत या राज्याला कळत नव्हती असं नाही. १९३० च्या जंगल सत्याग्रहात लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलैला पुसदच्या राखीव वनात जाऊन कायदा मोडला तो गवत कापून. लोकांनी विळे घेऊन तुरुंगवास पत्करला. त्याच्या कितीतरी आधी मराठेशाहीत सरकारी कुरणं राखली जात होती, कारण घोडदळ गवतावर चालायचं. कुरण हा शब्द आपल्या गावांच्या नावांत अजून आहे. जमिनीच्या नोंदीतून तो कसा पुसला गेला हे कोणीतरी नीट शोधायला हवं.

माळ हे तुटलेलं जंगल नव्हे. पश्चिम घाटाच्या पावसाच्या सावलीत, जिथे वर्षाला चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि खाली उथळ मुरमाड जमीन असते, तिथे निसर्गतःच गवत आणि त्यात विरळ हिवर, बोर, बाभूळ, तरवड असा संसार उभा राहतो. मारवेल, पवन्या, डोंगरी, कुंदा, कुसळी ही त्यातली मंडळी. पहिल्या पावसानंतर आठवड्याभरात माळ हिरवा दिसतो, पण मेंढपाळ तेव्हा लगेच खूश होत नाही. कोवळं गवत पोटाला पातळ पडतं. श्रावणात ते पोसतं. भाद्रपद-आश्विनात फुलोरा येतो, आणि मग कुसळी आपलं काम सुरू करते. तिच्या बियांना लांब पिळदार काटा असतो. ओल लागली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि असं फिरत फिरत बी जमिनीत शिरतं. मेंढराच्या लोकरीत अडकलं तर कातड्यातही शिरतं. लहानपणी संध्याकाळी वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं, लावून झाली की आम्हा पोरांना हेच काम असायचं, कोकराला मांडीवर आडवं घ्यायचं आणि बोटांनी लोकर चाचपत कुसळं काढायची. मान आणि पोट आधी, कारण तिथे कातडं पातळ. म्हणून कुसळी बियाण्यावर यायच्या आत त्या पट्ट्यावर मेंढरं फिरवायची आणि बियाण्यावर आली की तिकडे वळायचं नाही, हा वाड्याचा नियम. वाड्याने तो मेंढरांसाठी पाळला, पण त्याच सवडीत गवताचं बीही जमिनीवर पडलं.

हे सांगतो कारण तुमच्या कार्यआयोजना, म्हणजे वनातल्या कामांचे आराखडे, ज्या अभ्यासावर तयार होतात, त्यात साग आहे, बांबू आहे, तेंदू आहे, रोपवन आहे. कोणत्या माळावर कोणतं गवत, ते कधी फुलतं, कोणता पट्टा दोन वर्षं विसावा मागतो आहे, याचं टिपण मला तरी कुठे सापडलं नाही. ते टिपण आबांच्या डोक्यात आहे आणि आबांसारखी माणसं आता थोडी उरली आहेत.

या गवतावर नुसती मेंढरं जगत नाहीत. लांडगा, तरस, खोकड, चिंकारा, काळवीट, धाविक, चंडोल, पखुर्डी ही सगळी उघड्या माळाची प्रजा आहे. माळढोकाची गोष्ट तर तुमच्याच दप्तरात आहे. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं, शेतं, खासगी जमिनी सगळं आलं. लोकांना आपल्याच जमिनीचे व्यवहार करताना अडचणी आल्या आणि पक्ष्याबद्दल राग साचला. पुढे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. या सगळ्या काळात खऱ्या अर्थाने पक्ष्याला हवा असलेला उघडा, गवताळ, लांबवर नजर जाईल असा माळ मात्र आक्रसत गेला. माळढोक झाडांत राहणारा पक्षी नाही. त्याला समोरचं नीट दिसत नाही, म्हणून तर तो विजेच्या तारांना धडकतो. आज या अभयारण्यातल्या नान्नजला जाऊन माळढोक दिसणं ही नशिबाची गोष्ट झाली आहे. कागदावर केवढी मोठी रेघ ओढली यावरून संरक्षण ठरत नाही, हे या एका पक्ष्याने आपल्याला फार महागात शिकवलं.

आता लागवडीकडे येतो. २०१६ मध्ये राज्यात एका दिवसात २ कोटी झाडं लावण्याचा संकल्प झाला. २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी. मी शाळेत आहे, पोरांना घेऊन मीही खड्ड्यात रोपं लावली आहेत आणि त्या पोरांचा उत्साह खरा होता. पण एवढी झाडं लावायची तर मोकळी जागा हवी. घनदाट जंगलात खड्डे खणता येत नाहीत, शेतात येत नाहीत. उरतो तो माळ. उद्दिष्ट झाडांच्या संख्येत दिलं की खालच्या कर्मचाऱ्याच्या हातात दुसरं काही राहत नाही. एका वनरक्षकाने मला सरळ सांगितलं होतं, "गुरुजी, मलाही दिसतंय की हे गवत चांगलं आहे. पण मला गवताचं टार्गेट नाही." त्या माणसाचा मला राग आला नाही. त्याला गवताचंही उद्दिष्ट द्या, एवढंच मागणं आहे.

शिवाय लावलेलं झाड जगतं का? चारशे मिलिमीटरच्या माळावर रोपाला तीन उन्हाळे टँकरने पाणी घालावं लागतं. निधी संपला की टँकर थांबतो. मग जगतं ते गिरिपुष्प, कारण ते चिवट आहे आणि त्याच्या ओल्या पाल्याला जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. म्हणजे माळावरून खाण्याजोगं होतं ते गेलं आणि न खाण्याजोगं राहिलं. शेजारच्या कच्छमधलं बन्नी बघा. अडीच हजार चौरस किलोमीटरच्या आसपासचं ते कुरण, तिथल्या मालधारी पशुपालकांच्या म्हशींचं. १९६० च्या दशकात खारपड थोपवायला म्हणून तिथे वेडी बाभूळ लावली गेली. आज ती बन्नीचा मोठा भाग झाकून बसली आहे आणि तिला काढण्यासाठी लोक झगडतात. आपण तीच वाट का धरावी?

कार्बनचं कारण दिलं जातं. झाडाचा कार्बन खोडात दिसतो, गवताचा मुळांत आणि मातीत असतो, डोळ्यांना दिसत नाही. वणवा लागला तर खोड जळतं. गवत वरून जळतं आणि मुळं पुढच्या पावसाला पुन्हा फुटतात. कोरड्या मुलुखात कार्बनची खरी तिजोरी जमिनीखाली आहे, आणि चर खणताना आपण तीच फोडतो.

अतिचराई होत नाही असं मी म्हणणार नाही. होते, आणि आमच्या माणसांकडूनही होते. एका पाणवठ्याभोवती तीन वाडे महिनाभर बसले की तिथे धूळ उरते, हे मी पाहिलं आहे. पण तीन वाडे एका जागी का बसतात? पूर्वी वाटेत पाच ठिकाणी थांबायला जागा होत्या. एकीला चराईबंदी झाली, एकीवर रोपवन आलं, एक गायरान सौर प्रकल्पाला गेलं, एकीवर अतिक्रमण झालं. उरलेल्या एका जागेवर सगळ्यांचा भार पडला. मग तिथे बंदीचा फलक लागतो आणि भार पुढच्या माळावर सरकतो. बंदीने माळ वाचतो ही समजूतही पुरती खरी नाही. गवताला खुरं आणि तोंड लागावं लागतं. वर्षानुवर्षं कोणी चरलंच नाही तर वाळलेल्या काड्यांची गुदमर होते, नवे फुटवे येत नाहीत आणि उन्हाळ्यात वणव्याला सरपण आयतं मिळतं. गरज आहे ती पाळीची. माळाचे चार तुकडे करा. दर पावसाळ्यात एक तुकडा बी पडेपर्यंत राखा, दसऱ्यानंतर त्यातलं गवत कापून गंजी लावा, मग तो चरायला उघडा. उरलेल्या तिघांवर मेंढरं फिरती ठेवा. यात नवं काही नाही, आमच्या पट्ट्यात खासगी गवतराने अशीच राखली जातात. सरकारी माळावर ते होत नाही, कारण तिथे राखणाऱ्याला उद्या आपल्यालाच चरायला मिळेल याची खात्री नसते.

ती खात्री देणारा कायदा संसदेने २००६ मध्येच केला आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये स्थायिक आणि फिरत्या अशा दोन्ही चराईचा, तसंच भटक्या आणि पशुपालक समाजांच्या हंगामी वापराचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. नियमांत तर त्याहून बारीक विचार आहे. पशुपालक आणि भटक्या जमातींच्या दाव्याची पडताळणी ते लोक किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर असतील अशा वेळी करावी, असं त्यात म्हटलं आहे. पुराव्यात पारंपरिक चराईच्या जागा आणि जनावरांचे पाणवठे धरले जातात, वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. ज्याने हा नियम लिहिला त्याला वाडा माहीत होता.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. ग्रामसभेच्या बैठका आणि पडताळणीच्या तारखा जानेवारी ते मार्चमध्ये पडतात, कार्यालयांना तीच सवड असते. आमचा वाडा तेव्हा कोकणाच्या वाटेवर कुठेतरी कोणाच्या शेतात मेंढरं बसवून असतो. शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, वाड्याला धान्य किंवा पैसे. गावात कोणी हजर नाही म्हणून दावा बाजूला पडतो. त्यातून धनगर अनुसूचित जमातींबाहेरच्या 'इतर पारंपरिक वननिवासीं'मध्ये येतात, म्हणजे १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, पंच्याहत्तर वर्षं दाखवायची. ज्याचं आयुष्य चालण्यात गेलं त्याच्याकडे पत्त्याचा कागद कुठून असणार? आमच्या पंचक्रोशीत चराईचा हक्क मान्य झालेला एकही वाडा मला माहीत नाही. कायद्याची मुख्य जबाबदारी आदिवासी विकास विभागाकडे आहे हे मला ठाऊक आहे. पण पडताळणीला वन खात्याचा माणूस उभा राहतो, आणि त्याने "इथे यांची मेंढरं येतात" असं एक वाक्य लिहिलं तर निम्मं काम होतं.

लोकांच्या हाती दिलं की जंगल बुडतं, ही भीती या राज्याने तरी बाळगू नये. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. गावाने बांबू विकला, पैसा गावात आला आणि जंगल जागेवर आहे. बांबूचंच आणखी एक सांगतो. बांबू वनस्पतिशास्त्राने गवत आहे, पण १९२७ च्या कायद्याने त्याला झाड ठरवलं होतं. नव्वद वर्षं ते तसंच चाललं आणि २०१७ मध्ये संसदेने दुरुस्ती करून झाडाच्या व्याख्येतून बांबू काढला. एका गवताची नोंद सुधारता आली, तर माळावरच्या गवताचीही सुधारता येईल.

आणखी एक गोष्ट, लहान वाटेल पण आमच्यासाठी मोठी. लांडग्याने मेंढरू मारलं तर शासन भरपाई देतं, त्याबद्दल मनापासून आभार. पण पंचनाम्यासाठी मेलेलं जनावर जागेवर हवं. लांडगा कोकरू उचलून नेतो. मागे रक्ताचा ठिपका आणि वाघरीची सैल झालेली खुंटी राहते, दाखवायला काही नसतं. मोठं मेंढरू पडलं तर अधिकारी येईपर्यंत एका जागी थांबायचं, तोवर बाकीची दोनशे मेंढरं उपाशी. बहुतेक जण भरपाईचा विचार सोडून चालू लागतात. तरीही आमच्या वाड्यात लांडग्याला विष घालत नाहीत. आबा म्हणतात, त्याचाही वाटा असतो. ही समजूत आहे तोवर लांडगा आहे. तिच्यावर फार ताण देऊ नका. माग, केस, शेजारच्या दोन वाड्यांची साक्ष आणि मोबाइलवरचा फोटो एवढ्यावर पंचनामा होईल असं काही करता येईल का, ते बघा.

पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या माळांवर वन विभागाने गवताळ सफारी सुरू केली, तेव्हा मला फार बरं वाटलं. माळ बघायला लोक पैसे देऊन येतात, म्हणजे तिथे काहीतरी आहे हे मान्य झालं. २०२६ हे वर्ष तर संयुक्त राष्ट्रांनी कुरणं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. त्यानिमित्त परिसंवाद होतील. मला परिसंवादाचं निमंत्रण नको. पुढच्या लागवडीचे आराखडे मंजूर होण्याआधी माळरानाच्या गटांवर चर आणि खड्डे घेऊ नयेत, एवढा एक आदेश निघावा. कार्यआयोजनेत गवताला स्वतःचं प्रकरण मिळावं आणि ते लिहिताना वाड्यांना विचारावं. आणि आमच्या चराईच्या दाव्याची पडताळणी आषाढ ते आश्विन या काळात ठेवावी.

तारीख कळवलीत तर आबा स्वतः माळावर येतील. चालायला त्यांना आता काठी लागते, पण पाणवठ्यापासून वरच्या टेकाडापर्यंतचा पट्टा ते दाखवतील, चर पडले तिथलाही आणि अजून शाबूत आहे तिथलाही. जबाब मी लिहून घेईन, माझं अक्षर बरं आहे. दिवाळीनंतर मात्र येऊ नका. तेव्हा वाडा गावात नसेल.

आपला नम्र,
मेंढपाळाच्या घरातला एक शिक्षक